बाथटबमधलं काळं अळू

श्रियाने सायकल कुंपणाला टेकवली, बागेचं फाटक ढकललं... आणि समोरचं दृश्य बघून ती जागच्या जागी थिजली.

तिच्या बाथटबसमोर एक उंच मुलगा उकिडवा बसला होता. एका हातात सुरी, दुसऱ्या हातात पानं. तिची पानं! काळीभोर, मखमली, ताटाएवढी. उन्हाळाभर तिने लाडाने, हट्टाने आणि अक्षरशः बादल्या वाहून वाढवलेली. आणि हा प्राणी चक्क गुणगुणत होता. वर तिची चाहूल लागल्यावर त्याने वळूनही न बघता एक पिशवी मागे धरली.

"अहो ताई, जरा ही उघडून धरता का? हाताला चीक लागलाय."

ताई!

"सुरी खाली ठेव," श्रिया म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

तो वळला. डाव्या भुवईवर पिठाचा पांढरा ठिपका, गालावर चिखलाचा काळा. डोळे मात्र इतके निरागस, की श्रियाला आणखीनच राग आला.

"अरे वा, तुम्ही खरंच मराठी निघालात! मी आपलं सवयीने बोललो."

"मी मराठी आहे, हे झाड माझं आहे आणि तू चोर आहेस."

"चोर?" तो धडपडत उभा राहिला. "अहो, मला मृदुलाकाकूंनी पाठवलंय. उद्या हॉलमध्ये मंडळाचा गुढीपाडवा आहे ना, अळूवड्यांना पानं हवीत. त्या म्हणाल्या, हॉलच्या मागच्या सार्वजनिक बागेत आमच्या मुलीने अळू लावलंय, जाऊन घेऊन ये."

श्रियाने डोळे मिटून घेतले. मृदुलाकाकू म्हणजे तिची सख्खी आई. लेकीने अळू लावलंय एवढं तिच्या कानावर होतं. ते कसलं, कशासाठी, हे बघायला ती वर्षभरात एकदाही बागेत फिरकली नव्हती.

"हे शोभेचं अळू आहे," श्रिया दात आवळून म्हणाली.

"शोभेचं... अळू?" कुणीतरी 'शोभेची पोळी' म्हणावं तसा त्याचा चेहरा झाला. "पण काळ्या देठाचं ते वडीचं, हे तर कुणीही सांगेल. आमच्या चिपळूणला घरामागे मोरीच्या पाण्यावर..."

"हे चिपळूण नाहीये! हे न्यूझीलंडचं अप्पर हट आहे! इथे पाडव्यानंतर हिवाळा येतो, गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून काढावा लागतो. आणि या झाडाला पाय चोवीस तास चिखलपाण्यात लागतात, डोकं कडक उन्हात लागतं, थंडी तर अजिबात चालत नाही. सगळे म्हणाले, इथे जगणार नाही. मी म्हटलं, जगवून दाखवते. थंडी यायच्या आधी हीच पानं ऊन खाऊन खाली कंदाला खाऊपिऊ घालत होती. त्या शिदोरीवर तो हिवाळा काढणार होता. आणि तू..." तिचा आवाज फाटला, "तू त्याचा डबाच पळवलास!"

तो हातातल्या पानांकडे बघत राहिला. पानावरचा एक पाण्याचा थेंब घरंगळला आणि त्याच्या बुटावर पडला. टबमध्ये आता एकच पान उरलं होतं, तेही अजून न उलगडलेलं, नुसती सुरळी.

"सॉरी," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. "मी शंतनू. मेन स्ट्रीटवरच्या बेकरीत असतो. काय भरपाई करू, सांगा. पेंढा, माती, खत... पडेल ते काम करतो."

"शनिवारी सकाळी बादल्या वाहायला ये. दर शनिवारी. हिवाळा संपेपर्यंत."

तिने हे रागाच्या भरात म्हटलं होतं. पण तो लगेच "येतो" म्हणाला, आणि हसला. बरं का, ते हसणं असं होतं, की श्रियाला उगीचच सायकलची घंटी नीट आहे का ते तपासावंसं वाटलं.

"आणि ऐक," ती फाटकातून ओरडली, "मी तुझी ताई-बिई नाहीये!"

*

पाडव्याच्या जेवणात वड्या दिसायला मात्र अप्रतिम झाल्या होत्या. जांभळट-काळ्या, वरून तीळ-खोबरं, कडेने कुरकुरीत. सगळ्यांनी दोन-दोन घेतल्या. श्रियाने एकही नाही.

आधी श्रीनाथकाकांना ठसका लागला. ते मंडळाचे अध्यक्ष, नेमके भाषणाला उभे. "आपल्या सर्वांच्या घ... घशात..." एवढं बोलून त्यांनी गळाच धरला. मग एकेका टेबलावर खाकरणं सुरू झालं. पाच मिनिटांत अख्खं मंडळ मठ्ठ्याच्या पातेल्याभोवती! चिंचेचा कोळ घालूनही त्या शोभेच्या अळूने आपला हिसका दाखवलाच होता.

"असलं कसलं खाजरं अळू लावलंस गं?" हॉलच्या स्वयंपाकघरात आई कडाडली. तिचा स्वतःचाही आवाज बसला होता.

"खायला लावलंच नव्हतं, आई! तू एकदा तरी विचारलंस का मला?"

"काय विचारायचं? दुसऱ्या वर्षाला आलीस. कॉम्प्युटर सायन्सला एवढे चांगले मार्क आहेत, आणि जीव सगळा त्या चिखलात! म्हणे कोर्स बदलून बागकाम शिकते. छंद वेगळा आणि पोट वेगळं, बाळा. इथे येऊन आम्ही कसे दिवस काढलेत..."

"माहितीये. पण मला हेच करायचंय. मला हे येतं."

"येतं? मग जगवून दाखव तेच झाड या हिवाळ्यातून! उन्हाळ्यात काय, कुणीही वाढवेल. वसंतात ते पुन्हा फुटलं तर जा आणि शीक खुशाल. नाही फुटलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

आई चिडून बोलली होती. तिला वाटलं, लेक पाय आपटत निघून जाईल. पण श्रियाने नाक पुसलं, मान ताठ केली आणि हात पुढे केला.

"ठरलं."

आईला हात मिळवावा लागला. दारात मठ्ठ्याचा जग घेऊन शंतनू उभा होता. सगळं ऐकून त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आपण नुसती पानं कापली नाहीत, एका मुलीच्या आयुष्यालाच सुरी लावली, हे त्याला तेव्हा कळलं.

*

शंतनू खरंच आला. दर शनिवारी, पहाटेची पाळी संपवून, अंगाला वेलची आणि गरम पावाचा वास घेऊन. वेलिंग्टनला बेकिंगचं शिक्षण घेतलं, मग इथेच राहिला, एवढं त्याने स्वतःबद्दल सांगितलं. श्रियापेक्षा दोनेक वर्षांनी मोठा. 'अहो'चं 'अगं' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

"टबच का पण?" त्याने एकदा विचारलं.

"शेजारच्यांनी बाथरूम नवीन केलं आणि हा रस्त्यावर ठेवला. मी सायकलला बांधून आणला."

"बाथटब? सायकलला?"

"पोलीस थांबले होते. मग त्यांनीच ढकलायला मदत केली."

तो इतका हसला, की बादलीतलं निम्मं पाणी त्याच्याच गमबुटात गेलं.

त्यांनी खत बंद केलं. टबमधलं पाणी उपसून कमी केलं. गारठ्यात कंद भिजत राहिला की सडतो, म्हणून आता चिखल नुसता ओलसर ठेवायचा, हे तिने त्याला शिकवलं. शेवटचं पान पिवळं पडून लोळल्यावर वर पेंढ्याचा जाड थर घातला, त्यावर पिठाची रिकामी पोती, त्यावर हिमापासून वाचवणारं पांढरं कापड. टब एखाद्या आजारी माणसासारखा गुरफटून बसला.

बागेच्या दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकच्या बोगद्यात सिना आँटीचे तारो होते. तारो म्हणजे आपल्या अळूचे सख्खे भाऊ, पण खायचे. सिना आँटी मूळची सामोआची. ती आपल्या तारोंना मोठ्याने दटावायची आणि या दोघांना त्याहून मोठ्याने.

"काय गं, तुझा ब्रेडवाला आज उशिरा?" ती लांबूनच ओरडायची.

"तो माझा नाहीये, आँटी!"

"मग रस्त्याकडे का बघतेस सारखी? रस्त्यावर काय तारो उगवलाय?"

आणि श्रियाचे कान लाल व्हायचे. थंडीने, अर्थात. थंडीनेच!

कधी कधी ती ट्रेनमधून उतरून बेकरीवरून घरी जायची. तिथल्या काचेवर कायम आतून वाफ धरलेली. त्या वाफेतून शंतनू तिला बोटाने पान काढून दाखवायचा. देठ, शिरा, सगळं. एकदा ती आत शिरली, तर भट्टीच्या वरच्या फळीवर, खिडकीशी, एक पांढरी बादली होती. आयसिंगची, त्यावर टॉवेल झाकलेला.

"त्यात काय?"

"आंबवण," तो घाईघाईने म्हणाला. "हात नको लावूस. सॉरडोचं फार... नाजूक असतं."

"मग एवढा का गडबडलास?"

"मी? छे. तू बन खा."

तिने बन खाल्ला. आणि विसरली.

*

मग तो आठवडा आला. दोन दिवस दक्षिणेचा बर्फगार वारा नुसता पिसाळला होता. तिसऱ्या दिवशी वारा पडला, आकाश काचेसारखं स्वच्छ झालं... आणि अप्पर हटमध्ये स्वच्छ आकाशाचा अर्थ एकच, कडक हिम.

पहाटेच फोन वाजला. "श्रिया, मी दुकानाबाहेर उभा आहे. सगळं पांढरं आहे गं. छपरं, गाड्या, सगळं. कापड नीट आहे ना टबवर?"

ती गमबूट घालून, पायजम्यावर जॅकेट चढवून सायकलवर बसली. पायाखाली गवत काचेसारखं कुरकुर मोडत होतं. बागेत पोहोचली, तर कापड कुंपणावर लटकत होतं. वाऱ्याने पेंढा, पोती सगळं उडवून नेलं होतं. टबमध्ये जे थोडं पाणी होतं त्याचा बर्फ झाला होता.

ती बर्फ फोडत असतानाच शंतनू धावत आला, अंगावर एप्रन तसाच. त्यानेही हात घातला. गोठलेला चिखल बाजूला केला, कंद वर काढला... आणि श्रियाच्या बोटांत तो उकडलेल्या बटाट्यासारखा दबला.

"गेला," ती म्हणाली. मग पुन्हा, अगदी लहान आवाजात, "गेला रे."

शंतनूने खिशातून कागदात गुंडाळलेले दोन बन काढले आणि तिच्या निळ्या पडलेल्या हातांत एकेक ठेवला. भट्टीतून नुकतेच काढलेले. तिच्या बोटांत कळ आली, मग ऊब आली, मग डोळ्यांत पाणी आलं. त्याने तिच्या मुठींवर आपले हात ठेवले. क्षणभरच. पण तो क्षण श्रियाने नंतर कितीतरी वेळा उलटसुलट करून बघितला.

मग तिने नाक ओढलं. "सुरी दे."

"आता मागतेस?"

"दे रे!"

ती सडलेला भाग कापत गेली. मऊ, अजून मऊ, तपकिरी, मळकट... आणि मग सुरी टक्कन अडली. तळाशी लिंबाएवढा तुकडा घट्ट होता. पांढरा, कोरा, जिवंत.

"अळकुडी!" शंतनू ओरडला. "आमच्याकडे याला..."

"माहितीये, अळकुडी. तू उपवासाला खातोस. ही खायची नाही. दालचिनी आहे दुकानात? पूड? कापलेल्या जागी लावली की बुरशी धरत नाही."

तो पळत गेला, पळत आला. तिने त्या तुकड्याला दालचिनीत घोळवलं. एखाद्या मिठाईसारखा दिसायला लागला बिचारा. वाळूच्या डब्यात घालून तिने तो थंडीची लाट ओसरेपर्यंत सिना आँटीच्या बोगद्यात ठेवला आणि मग परत टबमध्ये पुरला. त्याच टबमध्ये. कारण आईला शब्द दिला होता तो या टबचा, या झाडाचा.

*

वसंत आला. नदीकाठची कोफाय झाडं पिवळ्या फुलांनी भरली. ऑक्टोबरअखेरच्या सुट्टीचा लेबर वीकेंड आला, सगळ्या गावाने टोमॅटोची रोपं लावली. श्रियाने टबमध्ये पुन्हा पाणी भरलं, ते तापावं म्हणून वर काळं प्लॅस्टिक ताणलं, रोज चिखलात बोट घालून बघितलं.

काही नाही. चिखल, आणि डास.

"अगं, पुरे आता," एका रात्री जेवताना आई म्हणाली. आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता, हेच जास्त लागलं. "मनापासून केलंस तू. दिसतंय मला. पण पुढच्या वर्षीचे विषय ठरवायचेत ना?"

"नोव्हेंबर संपेपर्यंत, आई. तेवढं दे."

शनिवारी तिने शंतनूला सांगितलं तेव्हा तो नेहमीसारखा चेष्टा करेना. टबकडे बघत राहिला, मग तिच्याकडे.

"आणि नाही आलं तर?"

"तर शब्द पाळायचा. आणि मग आयुष्यभर स्क्रीनवर झाडांचे फोटो लावायचे." ती हसली, पण हसू काही नीट जमलं नाही.

त्याच्या पुढच्या शनिवारी ती फाटकातून आत आली... आणि हातातली बादली सुटली.

टबवरचं प्लॅस्टिक बाजूला सरकलं होतं आणि मधोमध पान होतं. काळं! चमकदार, तळहाताएवढं, वर एक थेंब पाऱ्यासारखा डुलत असलेला. शेजारी दुसरी सुरळी.

ती किंचाळली. सिना आँटी बोगद्यातून कुदळ घेऊनच बाहेर आली. श्रियाने तिला मिठी मारली, टबाला मिठी मारली, आईला फोन लावला. "आई, ये! आत्ता ये! आलंय!"

फोन ठेवून ती गुडघ्यावर बसली. त्या पानाकडे डोळे भरून बघत राहिली... आणि बघता बघता तिचं हसू ओसरत गेलं.

एवढा मोठा कोंब एका रात्रीत? लिंबाएवढ्या तुकड्यातून? तिने बोटाने चिखल चाचपला. रोपाभोवतीची माती वेगळी होती. घट्ट, गोल, कुठल्याशा भांड्याच्या आकाराची. आणि देठाच्या बुडाशी, चिखलात अर्धवट बुडालेली, आयसिंगची एक पांढरी खपली.

पांढरी बादली. टॉवेल. 'आंबवण'.

"शंतनू..." ती पुटपुटली.

फाटकाशी गाडी थांबली. आई उतरली. ऑफिसला घालायचे बूट, घरचा कुर्ता, केस तसेच. वर्षभरात पहिल्यांदा ती बागेत येत होती, आणि चक्क घाईघाईने येत होती. टबपाशी आली, थांबली.

"अगंबाई," ती म्हणाली. "हे... असं दिसतं होय हे? किती सुंदर आहे गं."

झालं! एवढंच तर ऐकायचं होतं. श्रियाने फक्त गप्प राहायचं होतं. हसायचं, मान डोलवायची, आणि सगळं आयुष्य हवं तसं. सिना आँटी कुदळीवर रेलून बघत होती. थेंब पानावर डुलत होता.

"आई, हे माझं नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे हे या टबमधलं नाही. बेकरीत, भट्टीच्या उबेला वाढलेलं आहे. शंतनूने आणून लावलंय, मला न सांगता. हे हिवाळ्यातून गेलेलंच नाही. धरता येणार नाही हे."

श्रियाने बाह्या सरसावल्या. ओठ घट्ट मिटले, दोन्ही हात चिखलात घातले आणि ते रोप मुळांच्या गोळ्यासकट उपसायला लागली. रडू येत होतं, पण हात थांबवायचे नाहीत हे तिने ठरवलं होतं. गोळा सुटला. पच्चकन आवाज आला. खालच्या खड्ड्यात गढूळ पाणी भरलं, आणि त्या पाण्यात तिच्या करंगळीला काहीतरी टोचलं.

टोकदार. टणक.

ती थांबली. तिने गोळा बाजूला ठेवला, बोटांनी चिखल हळूहळू बाजूला सारला, जसं झोपलेल्या बाळावरचं पांघरूण सारावं तसं. आणि दिसलं. पेन्सिलीच्या टोकाएवढं, फिकट जांभळं. त्याच्या बुडाशी दालचिनीचा तपकिरी डाग अजून होता.

"आई," ती कुजबुजली. "हात दे."

"अगं चिखल..."

"दे ना!"

आणि मृदुलाकाकूंनी, ज्यांना घरातल्या कुंडीलाही हात लावायला आवडत नाही त्यांनी, घड्याळ काढलं आणि हात घातला. श्रियाने आईचं बोट त्या टोकावर नेऊन ठेवलं.

"हे," ती म्हणाली. "हे माझं."

आईने त्या टोकावरून बोट हळूच फिरवलं. मग म्हणाली, "एवढंसंच?"

"एवढंसंच."

"हिवाळाभर खाली होतं?"

"हो. मला वाटलं मेलं. पण मी काढून टाकलं नाही."

आईने हात वर काढला. मनगटापर्यंत काळा. ती त्याच्याकडे अशी बघत होती, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. "दुसऱ्याचं रोप आपलं म्हणून दाखवलं असतंस तर मी फसलेच असते," ती शेवटी म्हणाली. "तू सांगितलंस." मग खाकरून, नेहमीच्या आवाजात, "सोमवारी जा आणि विषय बदलून ये. आणि याची वडी करायची नाही, हे मी मंडळाला सांगते."

श्रियाने आईला चिखलासकट मिठी मारली. सिना आँटीने कुदळ हवेत उंच केली आणि सामोअन भाषेत काहीतरी असं गरजली, की कुंपणावरच्या साळुंक्या उडाल्या.

*

शंतनूला तिने एकच शब्द पाठवला होता. 'ये.' तो आला तेव्हा आई सिना आँटीचे तारो बघायला गेली होती. म्हणजे तशी ती म्हणाली. बोगद्याच्या दारातून दोन डोकी आलटून पालटून डोकावत होती.

त्याने उपसलेलं रोप बघितलं आणि त्याचे खांदे पडले.

"कळलं तर."

"आयसिंग धुवायचं तरी होतंस," श्रिया म्हणाली. "का केलंस?"

"तू हरलेली मला बघवली नसती."

"मी हरले असते, तर शेजारी उभं राहून बघायचं होतंस!" तिचा आवाज चढला. "मला नुसतं जिंकायचं नव्हतं. मला बघायचं होतं, मला जमतं का. तू ते माझ्याकडून काढून घेत होतास. पुन्हा एकदा. सुरी न घेता."

त्याने सबबी सांगितल्या नाहीत, हे तिला आवडलं, पण तिने ते दाखवलं नाही.

"चुकलो," तो म्हणाला. "पाडव्याला पण चुकलो होतो, पण आज जास्त. काकूंना मीच सांगतो."

"सांगून झालंय. आणि खाली बघ."

त्याने बघितलं. तो कोंब दिसेपर्यंत त्याला वेळ लागला. दिसल्यावर मात्र तो टबाच्या काठावर मटकन बसलाच. "दालचिनीवाली? ती... ती अळकुडी?"

"तीच."

दोघंही काही क्षण नुसते हसत राहिले, वेड्यासारखे. मग श्रियाने चेहरा पुन्हा गंभीर केला. तिला अजून एक गोष्ट विचारायची होती.

"हे बादलीतलं कुठून आलं?"

"पहिल्याच दिवशी," तो मान खाली घालून म्हणाला. "पान ओढताना एक पिल्लू मुळासकट आलं होतं. पिशवीत राहिलं. तेव्हा सांगणार होतो, पण तू माझा जीव घ्यायला निघाली होतीस. मग म्हटलं, जगलं तर देऊ."

"जगलं की. थंडीतच जगलेलं दिसतंय. मग तेव्हा का नाही दिलंस?"

त्याने चिखलाने माखलेला अंगठा एप्रनला पुसला. पुन्हा पुसला. एप्रन संपायला आला, पण उत्तर येईना.

"शंतनू."

"कारण..." त्याने वर बघितलं. भुवईवर तोच पिठाचा ठिपका. "भरपाई झाली असती ना. मग शनिवारी यायला काय कारण राहिलं असतं मला?"

बोगद्याच्या दारातली दोन डोकीसुद्धा स्तब्ध झाली.

श्रियाच्या मनात काहीतरी उगवलं. पेन्सिलीच्या टोकाएवढं, आणि तेवढंच ठाम. एका वर्षापूर्वीची श्रिया असती तर लाजून सायकलकडे पळाली असती. आजची हलली नाही.

तिने बादलीतलं रोप उचललं आणि त्याच्या हातात दिलं. "टबाच्या त्या टोकाला लाव. माझं या टोकाला. मधे जागा सोड, दोन्ही पसरतात."

"किती पसरतात?"

"पाय पाण्यात आणि डोकं उन्हात मिळालं, तर... हीप्स. ढीगभर."

त्याने रोप लावलं, तिने माती दाबली. गढूळ पाण्याखाली बोटं बोटांना लागली. या वेळी कुणीच ती काढून घेतली नाहीत.

"मग," तो हळूच म्हणाला, "शनिवारी येऊ?"

"नको."

त्याचा चेहरा असा उतरला, की तिला हसू आवरेना.

"उन्हाळा लागलाय, शंतनू," श्रिया म्हणाली, आणि रिकामी बादली त्याच्या मांडीवर ठेवली. "याला आता रोज पाणी लागतं."